गेमिंग लॅपटॉपवरची थ्रॉटलिंगची सूचना : ३७ नंबरचा पिवळा त्रिकोण काय सांगतो?



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अकोल्याचा मे म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. भर दुपारी आमच्या शाळेतले मराठीचे सर दारात उभे, हातात लॅपटॉपची जाडजूड बॅग आणि मागे खाली मान घातलेली मुलगी. "मॅडम, हे पाहून द्या बरं जरा. बारा एरर आल्या एकदम. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, अठरा हजार सांगून राहिला. दिवसभर गेम खेळून राहिली असेल, दुसरं काय!"

मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत घरी आलेली, पण कॉलेजचं सबमिशन डोक्यावर. अठरा चित्रं रेंडर करून पाठवायची होती. रेंडर करणं म्हणजे इमारतीचा त्रिमितीय आराखडा घेऊन त्यावर उजेड, सावली, भिंतीचा पोत हे सगळं गणितानं काढून खऱ्यासारखं चित्र तयार करणं. या कामाला ताकदीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते दोन्ही एकत्र परवडणाऱ्या किमतीत मिळतं ते बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्येच. नावात 'गेमिंग' आहे म्हणून मुलं त्यावर गेमच खेळतात असं नाही, हे पालकांनी आधी लक्षात घ्यायला हवं. (खेळतच नाहीत असंही नाही. पण तो वेगळा विषय.)

मी काही संगणक दुरुस्त करणारी नाही. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पण हा सगळा प्रश्न उष्णतेचा निघाला आणि उष्णता हा आपला धडाच आहे. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहून ठेवू या. बारावीनंतर मुलांना असे लॅपटॉप घेऊन देणारे पालक आता पुष्कळ आहेत आणि ही सूचना दिसली की सगळेच घाबरतात.

आधी ती सूचना वाचायची कशी ते बघू. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक वही असते. संगणकात जे काही घडतं त्याची नोंद तिथे पडत जाते. त्यातल्या 'सिस्टिम' या भागात पिवळा त्रिकोण, शेजारी 'कर्नेल-प्रोसेसर-पॉवर' हे नाव आणि ३७ हा क्रमांक. इंग्रजी मजकुराचा अर्थ साधारण असा : अमुक क्रमांकाच्या प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केला आहे आणि मागच्या नोंदीपासून इतके सेकंद तो या कमी वेगाच्या स्थितीत आहे.

इथे तीन गोष्टी बघा. पहिली, त्रिकोण पिवळा आहे. म्हणजे ही 'वॉर्निंग' आहे, 'एरर' नाही. एरर असती तर लाल चिन्ह आलं असतं. दुसरी, 'मर्यादित केला आहे' असं म्हटलंय, 'बिघडला आहे' असं नाही. कुणीतरी ठरवून वेग कमी केला आहे. कुणी? फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या मूळ प्रोग्रॅमने. तिसरी गोष्ट त्या 'बारा' आकड्याची. मुलीच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय ७-१०७५०एच हा प्रोसेसर आहे. त्यात ६ कोअर आणि प्रत्येक कोअर दोन कामं एकदम हाताळतो, म्हणून विंडोजला ते १२ प्रोसेसर दिसतात. विंडोज प्रत्येकाची वेगळी नोंद करतं. तेव्हा बारा त्रिकोण म्हणजे बारा बिघाड नव्हेत, एकच घटना बारा वेळा लिहिलेली. वर्गात पंखा बंद पडला आणि चाळीस मुलांनी एकेक करून येऊन सांगितलं तर चाळीस पंखे बंद पडले असं होत नाही ना, तसंच.

हे ऐकून सरांचा चेहरा थोडा सैल झाला. मुलीचा नाही झाला.

आता थ्रॉटलिंग म्हणजे काय? कुकर आठवा. आतला दाब वाढला की शिट्टी होते, वाफ बाहेर पडते, दाब उतरतो. शिट्टी झाली म्हणून कुकर बिघडला असं कुणी म्हणत नाही. प्रोसेसरचंही तसंच. तापमान ठरलेल्या मर्यादेला पोचलं की तो स्वतःच वेग कमी करतो, वेग कमी झाला की उष्णता कमी तयार होते आणि तापमान मर्यादेच्या आत राहतं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. आणि कुकरला जसा शिट्टीच्या पलीकडे सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तसा इथेही असतो. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिलं तर यंत्र स्वतःला सरळ बंद करून टाकतं. लॅपटॉप काम करता करता न सांगता एकदम बंद पडत असेल तर ती गोष्ट गंभीर समजा. नुसतं मंदावणं ही त्याआधीची पायरी आहे.

ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग करून त्याचा व्हिडिओ दाखवला होता. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा त्यांनी उचलून काढला. एएमडीचा त्या काळचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर क्षणात जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र अगदी मंद झाला, पण चालत राहिला. तो मंद झाला म्हणूनच वाचला. आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये हे संरक्षण असतं.

आता वेग कमी केल्याने उष्णता किती कमी होते? इथे एक छान गणित आहे, नववी-दहावीच्या मुलांना सहज देता येईल. प्रोसेसर कामासाठी जी शक्ती वापरतो ती साधारणपणे वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी करता येतं. समजा दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले, म्हणजे ०.८ पट. मग शक्ती झाली ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२. वेग फक्त पाचव्या हिश्शाने घटला आणि उष्णता जवळजवळ निम्म्यावर आली! प्रोसेसर हाच मार्ग का निवडतो ते यावरून कळतं. (खूप खालच्या वेगावर व्होल्टेज आणखी उतरवता येत नाही, तेव्हा हा फायदा राहत नाही.)

या ठिकाणी खोक्यावरच्या आकड्याबद्दल बोललं पाहिजे, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. या प्रोसेसरवर '५ गिगाहर्ट्झपर्यंत' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'पर्यंत' फार महत्त्वाचा. त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ आहे आणि ४५ वॅट हे त्याच्या शक्तीचं मूळ गणित. ५ हा वेग एखाद-दुसऱ्या कोअरवर, थोड्या वेळापुरता. काम सुरू झालं की पहिला अर्धा-एक मिनिट प्रोसेसर जोरात धावतो, मग दम खाऊन ठरलेल्या शक्तीवर येतो. याला शक्तीची मर्यादा म्हणतात आणि तो बिघाड नाहीच. सगळे कोअर कामाला लावल्यावर वेग ५ वरून ३ च्या आसपास आला तर दुकानात धावू नका. खूण लक्षात ठेवा ती २.६ ची. सतत कामात वेग मूळ वेगाच्याही खाली जाऊन तिथेच राहिला तर मात्र शोध घ्यायला हवा.

मुलीच्या लॅपटॉपवर मी 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. त्यात प्रत्येक कोअरचं तापमान, वेग आणि मर्यादा कशामुळे आली हे वेगवेगळं दिसतं. रेंडरिंग सुरू केलं. तापमान ९८ ते १००. 'थर्मल थ्रॉटलिंग' समोर 'हो'. वेग १.९ गिगाहर्ट्झ. म्हणजे मूळ वेगापेक्षाही बराच खाली. मी विचारलं, "पुण्यात एका चित्राला किती वेळ लागायचा गं?" ती म्हणाली, "चाळीस मिनिटं, काकू. इथे तास-पाच मिनिटं लागतात. तेव्हा मी सहज बघितलं होतं, वेग ३.१ च्या आसपास असायचा." मुलगी हुशार आहे. आकडे बघून ठेवते. वेगाचं आणि वेळाचं गुणोत्तरही बरोबर जुळत होतं, ते तिच्या बाबांना तिथेच कागदावर करून दाखवलं. गेमचा यात कुठेच संबंध नव्हता. सरांनी कागदाकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर.

मग आम्ही अकोल्याच्या उन्हाचा हिशोब केला. उष्णता गरम वस्तूकडून गार हवेकडे जाते आणि किती वेगाने जाते ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. पुण्यात डिसेंबरमध्ये खोली २५ अंशांवर. प्रोसेसर १०० वर गेला तर फरक ७५. इथे त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी ४२. फरक ५८. म्हणजे तोच पंखा, तीच यंत्रणा, पण बाहेर टाकली जाणारी उष्णता ७५ ला ५८ या प्रमाणात, सुमारे ७७ टक्के. पुण्यात ४५ वॅट उष्णता बाहेर जात असेल तर इथे ३५ वॅटच जाणार.

मला वाटलं उत्तर सापडलं. पण जरा थांबून पाहिलं तर नव्हतं सापडलं. मघाचंच घनाचं गणित उलटं लावा. शक्ती ०.७७ पट झाली तर वेग किती पट? ०.७७ चं घनमूळ साधारण ०.९२. म्हणजे ३.१ चा वेग २.८५ पर्यंत पडायला हवा होता. १.९ पर्यंत नाही! नुसत्या उन्हाने इतकी घसरण होत नाही. आणखी काहीतरी अडत होतं.

उष्णता बाहेर जाण्याची वाट कशी असते ते थोडक्यात सांगते. प्रोसेसरच्या छोट्याशा चिपवर एक पेस्ट लावलेली असते, तिच्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला पातळ पात्यांची जाळी आणि जाळीवर हवा फेकणारा पंखा. त्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ गार टोकाकडे जाते, तिथे तिचं पाणी होऊन उष्णता सोडते आणि पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. माठातलं पाणी गार का होतं हे शिकवताना आपण बाष्पीभवनाला उष्णता लागते असं सांगतो. तेच तत्त्व इथे बंद नळीत रात्रंदिवस चालू आहे. मी आता हा धडा शिकवताना माठाच्या जोडीला लॅपटॉपचं उदाहरण देते. मुलांचे कान लगेच टवकारतात.

या वाटेवर अडथळा दोन ठिकाणी येतो. जाळीत धूळ आणि चिपवरची पेस्ट वाळलेली. तिसरा अडथळा आपण स्वतः घालतो, लॅपटॉप गादीवर ठेवून. गेमिंग लॅपटॉप हवा खालून आत ओढतात. गादीत तो थोडा रुतला की खालच्या जाळ्या बंद. मुलगी पलंगावर बसून काम करत होती, कारण त्या खोलीत टेबल नव्हतं. लॅपटॉप टेबलावर घेतला, मागची बाजू दोन जाड वह्यांवर उचलली, पाच मिनिटं थांबलो. वेग २.२. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही.

वॉरंटी संपलेली होती, म्हणून संध्याकाळी ओळखीच्या एका मुलाकडून मागचं झाकण उघडून घेतलं. (तुमची वॉरंटी चालू असेल तर आधी कागद वाचा आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रातूनच करून घ्या.) पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये धुळीचा चक्क नमदा तयार झाला होता, बोटाने उचलून काढता येईल असा. दोन वर्षांची धूळ, केस, पांघरुणाचे तंतू. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती बरं का, घाण आतल्या बाजूला होती. त्याने तो काढला, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून मगच हवा मारली, कारण हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरला तर खराब होऊ शकतो. पेस्टही नवीन लावली. एकूण खर्च सहाशे रुपये. अठरा हजार कुठे आणि सहाशे कुठे! तो दुकानदार लबाड होता असं मी म्हणत नाही, कदाचित त्यालाही त्रिकोण वाचता येत नसेल. पण त्याने झाकण उघडलंच नव्हतं, एवढं खरं.

रात्री साडेदहाला, खोली ३५ वर उतरल्यावर, पुन्हा रेंडरिंग लावलं. तापमान ९१, वेग ३.० गिगाहर्ट्झ. थ्रॉटलिंगसमोर 'नाही'.

आता हीच सूचना दुसऱ्या कारणांनीही येते, ती ओळखता आली पाहिजेत. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा लॅपटॉप थंडगार असूनही रांगत होता. तापमान ५०, वेग ०.८ गिगाहर्ट्झ, काही केल्या हलेना. विचारत गेल्यावर कळलं की मूळ अ‍ॅडॅप्टर हरवला आणि बाजारातून 'सेम टू सेम' म्हणून दुसरा घेतला. काही कंपन्यांचे लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरला आधी ओळखतात. ओळख पटली नाही, किंवा तो कमी वॅटचा निघाला, तर फर्मवेअर प्रोसेसरला बांधून ठेवतं. ते योग्यच आहे, कारण गेमिंग लॅपटॉपला पूर्ण जोरात दीडशे-दोनशे वॅट लागू शकतात आणि ६५ वॅटच्या अ‍ॅडॅप्टरकडून ते ओढायला गेलं तर अ‍ॅडॅप्टरच तापेल. योग्य अ‍ॅडॅप्टर लावला, प्रश्न संपला. तेव्हा गार आणि तरी मंद असेल तर अ‍ॅडॅप्टर बघा. गरम आणि मंद असेल तर हवा आणि धूळ बघा. लाईट गेल्यावर बॅटरीवर मंद होणं तर अपेक्षितच आहे, बॅटरी तेवढी शक्ती देऊ शकत नाही. आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये 'सायलेंट' मोड लावलेला असेल तर तिथेही वेग मुद्दाम रोखलेला असतो. लॅपटॉप झोपेतून उठताना एखादी ३७ नंबरची नोंद पडते, तिच्याकडे लक्षही देऊ नका.

कधी दोष खरोखर फर्मवेअरचाच असतो. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुक प्रोमधला आय ९ प्रोसेसर त्याच्या २.९ गिगाहर्ट्झ या मूळ वेगाखाली जातो, असं एका यूट्यूबरने दाखवलं. त्याने लॅपटॉप चक्क फ्रीजरमध्ये ठेवला तर काम लवकर झालं! काही दिवसांतच अ‍ॅपलने मान्य केलं की तापमान सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये एक डिजिटल किल्ली राहून गेली होती, आणि २४ जुलैला दुरुस्तीचं अपडेट दिलं. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसचं नवं अपडेट आहे का ते जरूर बघा. फ्रीजरचा प्रयोग मात्र कुणी करू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कूलरच्या अगदी तोंडाशीही लॅपटॉप ठेवू नका, तुषार उडतात.

मुलं इंटरनेटवर बघून आणखी दोन उद्योग करतात. एक म्हणजे 'थ्रॉटलस्टॉप' घेऊन संरक्षणाचा संकेतच बंद करणं. ते करू देऊ नका, शिट्टीला चिंधी बांधण्यासारखं आहे ते. दुसरा म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवणं. हा उपाय मुळात वाईट नाही, पण डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर अनेक लॅपटॉपवर ती सोय बायोसमधूनच बंद करण्यात आली.

घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी गोष्ट मात्र आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात प्रगत सेटिंग, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट'. तिथे १०० च्या जागी ९९ लिहा. दिसायला फरक एकाचा, पण इंटेलच्या लॅपटॉपवर त्याने वरचा टर्बो वेगच बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगावर राहतो. ऑनलाइन तास, टायपिंग, व्हिडिओ बघणं यात काही कळतसुद्धा नाही, पंखा मात्र शांत होतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या अ‍ॅपमधला शांत मोड वापरा.

लॅपटॉप दुकानात न्यायची वेळ आलीच तर जाण्याआधी कागदावर चार आकडे लिहून न्या : खोलीचं तापमान, कामात असताना प्रोसेसरचं तापमान, तेव्हाचा वेग आणि अ‍ॅडॅप्टरवर छापलेले वॅट. मदरबोर्ड गेला असं कुणी म्हटलं तर हा कागद पुढे करा आणि झाकण उघडून पाहिलं का, एवढं विचारा.

मुलीने अठरा चित्रं दोन रात्रींत संपवली, नऊ आणि नऊ. दोन्ही वेळा साडेदहाला लावलं आणि पहाटे पाचच्या आत काम झालं. पहिल्या रात्री सर दोनदा उठून वर गेले, तापमान बघितलं, टॉर्चच्या उजेडात वहीत लिहिलं आणि तिची झोपमोड न करता खाली आले. सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या त्या पानाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, रात्री दोनला ८९. वरच्या खोलीसाठी टेबल सांगितलं आहे सुताराला."